आत्याच्या बोटीत बसण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

आत्या ५८व्या वर्षी १० किलोमीटर समुद्र पोहून शाळेसाठी निधी जमवणार आणि बोटीत तू बसणार, असं कळलं. पोहायचं ती बघेल. तिला बाहेर कधी काढायचं, हे तुला ठरवावं लागेल, म्हणून हे पत्र.

आधी डॉक्टर. नुसत्या ईसीजीवर भागवू नका, स्ट्रेस टेस्टही (चालत-धावत हृदय ताणून बघायची तपासणी) करा. बीपीची गोळी कोणती, तेही दाखवा. काही गोळ्यांनी नाडी हवी तेवढी वाढत नाही. बीपीवाल्या, वय झालेल्या माणसाच्या फुफ्फुसात पोहता पोहता पाणी उतरू शकतं. ठसका लागलेला नसताना खोकला, धाप किंवा गुलाबी फेस दिसला, तर लगेच बाहेर. ‘जरा दम खाऊन पुन्हा’ हे चालायचं नाही.

सरावाला कृष्णेचा मोह होईल. सांगलीच्या आयर्विन पुलापासून हरिपूरच्या संगमाकडं प्रवाहाबरोबर गेलेला किलोमीटर हिशेबात धरू नये, त्यात निम्मं नदीच पोहते. शिवाय हिवाळ्यात मगरी ऊन खायला काठावर येतात, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात तर हमखास. त्यापेक्षा २५ मीटरचा तलाव बरा. २०० खेपा म्हणजे ५ किलोमीटर. कंटाळवाणं, पण खरं. आठवड्याला अंतर १० टक्क्यांपर्यंतच वाढवा, दर चौथ्या आठवड्याला उलट कमी करा. घाई केली की खांदा धरतो आणि या वयात तो महिनोन्महिने सुटत नाही. समुद्राच्या सवयीसाठी मालवणला मात्र आधी एक-दोनदा जाऊन या. लाट उजवीकडून आली तर डावीकडून श्वास घेता यायला हवा, ते तलावात कळत नाही.

आता बोट. तासाला अडीच किलोमीटर धरलं तर चार तास, दर अर्ध्या तासाला एक म्हणजे सात फीड, म्हणजे पोहता पोहता घ्यायचं पेय. प्रत्येकी २०० मिली कोमट पाणी, चहाचे चार चमचे ग्लुकोज, चिमूटभर मीठ. बाटलीला दोरी बांधून फेक. तिनं बोटीला हात लावायचा नाही. खारट पाण्यानं तोंड सोलवटतं, म्हणून चूळ भरायला साधं पाणी वेगळं. काख, मान आणि पोशाखाच्या कडांना व्हॅसलीन भरपूर, पण गॉगल लावून झाल्यावर. तेलकट बोट काचेला लागलं की चार तास धुकं.

दर १५ मिनिटांनी ती मिनिटाला किती हात मारते ते मोजून वहीत लिही. ५६चे ५० झाले आणि फीडनंतरही चढले नाहीत, तर तिला नातवंडांची नावं विचार. ‘बरी आहेस का?’ विचारू नकोस, ‘हो’च म्हणेल. जीभ जड वाटली किंवा उत्तर अडखळलं तर काढायचं. हा अधिकार तुझा, हे तिच्याकडून किनाऱ्यावरच कबूल करून घे. देणगीदारांचे चेहरे आठवले की पोहणारा ऐकत नाही.

म्हणूनच देणगी पोहणं पुरं होण्यावर ठेवू नका. पैसे थेट संस्थेच्या खात्यात, बोटीचा खर्च घरचा. २,००० रुपयांवर रोख दिले तर करसवलत नाही, हे आधीच सांगून टाक.

बाहेर आल्यावर तिला एकदम उभी करू नकोस. पाण्याचा दाब सुटला की रक्त पायांकडं उतरतं आणि भोवळ येते. बसव, ओलं बदलायला लाव, डोक्याला कोरडी टोपी, हातात कोमट गोड चहा. कढत पाण्याची अंघोळ लगेच नको. खरं कापरं दहा-पंधरा मिनिटांनी भरतं. तोवर हार घेऊन आलेल्या नातेवाइकांना लांबच थांबव.