घरी सुतारकाम सुरू करताना आखणीसाठी कोणती हत्यारं घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅटच्या बाल्कनीत टेबल टाकून आधी पुस्तकांचं रॅक आणि मग सागवानी स्टूल करायचंय, आणि आखणीच्या वीस हत्यारांचा एक संच ऑनलाइन निवडून ठेवलाय. तो घेऊ नका. त्याऐवजी एक भरवशाचा गुण्या, म्हणजे काटकोन आखायचं हत्यार, घ्या, त्याच्या जोडीला आणखी तीन-चार गोष्टी. एवढ्यावर तुमची पहिली दोन-तीन वर्षं निघतील.

गुण्यावर माझा एवढा जोर का, ते सांगतो. माझं पहिलं रॅक मी मापं तीन-तीनदा तपासून कापलं होतं. उभं केलं तर डुगडुगायला लागलं. मला वाटलं करवत तिरकी चालली. माझे मामा सुतार. त्यांनी रॅककडे पाहिलंही नाही, माझा गुण्या मागितला. प्लायच्या सरळ कडेला तो टेकवून पेन्सिलीने एक रेघ मारली. मग गुण्या पालथा करून, म्हणजे दांडा दुसऱ्या दिशेला घेऊन, त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारली. दोन रेघा एकावर एक पडायला हव्या होत्या, पण वरच्या टोकाला त्या चांगल्या दोन मिलिमीटर फाकल्या. पात्याची लांबी 150 मिलिमीटर. पालथा केल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरा फरक 1 मिलिमीटरचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण 300 मिलिमीटर खोलीच्या फळीवर तो 2 होतो आणि 600च्या फळीवर 4. माझी करवत सरळच चालली होती, फक्त वाकड्या रेघेवर.

म्हणून गुण्या दुकानात जाऊन घ्या आणि ही परीक्षा काउंटरवरच करा. पुण्यात असाल तर बोहरी आळी, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट. सोबत सरळ कडेचा प्लायचा तुकडा आणि टोक काढलेली पेन्सिल न्या. संकोच करू नका, चांगला दुकानदार स्वतःच दुसरा नग काढून देतो. तुमच्या कामाला 300 मिलिमीटरचा कॉम्बिनेशन स्क्वेअर घ्यावा असं माझं मत आहे. त्याची पट्टी सरकते, त्यामुळे काटकोन, 45 अंश, खाचेची खोली आणि कडेपासूनचं अंतर ही चारही कामं एकाच हत्याराने होतात. पट्टीवरचे आकडे कोरलेले हवेत, नुसते छापलेले वर्षभरात पुसतात. स्क्रू आवळल्यावर पट्टी किंचितही हलता कामा नये. लाकडी दांड्याला पितळ जडवलेला जुना गुण्या देखणा असतो, पण आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यामुळे तो अधूनमधून तपासावा लागतो. आणि कुठलाही गुण्या हातातून पडला की पुन्हा तीच दोन रेघांची परीक्षा.

प्लायच्या अख्ख्या शीटला हा गुण्या लहान पडतो. तिथे गवंडी पाया आखताना करतात तेच करा: एका कडेवर 60 सेंटिमीटर, दुसरीवर 80, आणि त्या दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर 100 भरलं की कोपरा गुण्यात आहे. रॅक जोडून झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे भरले पाहिजेत.

दुसरी गोष्ट आखणीची सुरी. पेन्सिलीची रेघ बोथट टोकाला सहज 1 मिलिमीटर जाड होते. मग कापायचं कुठे, रेघेच्या अलीकडे की पलीकडे? सुरीच्या रेघेला जाडीच नसते. शिवाय ती लाकडाचे तंतू आधीच कापते. प्लायवर याचा फायदा फार मोठा आहे, कारण वरचा पातळ थर चिरलेला असला की करवतीने त्याच्या ढलप्या उडत नाहीत. सुरीला एकाच बाजूने धार हवी, म्हणजे सपाट बाजू गुण्याला चिकटून चालते. डावखुरे असाल तर उलट्या बाजूची धार मागा. हॅक्सॉच्या जुन्या ब्लेडला धारवाल्याकडून अशी धार लावून घेतली तरी चालतं, माझी सुरी तशीच आहे. पहिला हात अगदी हलका, मग दोन-तीनदा जोर देऊन. पहिल्याच फटक्यात दाबलं तर सुरी लाकडाच्या रेषांमागे पळते, विशेषतः सागवानात. पेन्सिल टाकून देऊ नका, कच्च्या खुणा तिनेच करायच्या. शिसवीसारख्या गडद लाकडावर पांढरी पेन्सिल वापरा, आणि सनमायकावर मास्किंग टेप चिकटवून त्यावर आखा.

तिसरं मार्किंग गेज, हिंदी बोलणारे मिस्त्री ज्याला खतकस म्हणतात. फळीच्या कडेला समांतर रेघ मारायला याच्याइतकं सोपं काही नाही. खिळ्याच्या टोकाचं गेज तंतूंना आडवं चालवलं की लाकूड ओरबाडतं, म्हणून जमलं तर गोल चकतीच्या पात्याचं घ्या. खिळ्याचंच मिळालं तर कानशीने टोक चपटं, सुरीसारखं करून घ्या.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. ही हत्यारं मोजायला नसतात, माप उतरवून घ्यायला असतात. आपल्याकडे 18 मिलिमीटरच्या प्लायला बाजारात सर्रास सहा सूत म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे सहा सूत होतात 19.05 मिलिमीटर. सहा सुताची खाच आखून त्यात 18चा प्लाय बसवलात की प्रत्येक खाचेत 1 मिलिमीटर ढिलाई राहते. त्यात प्रत्यक्ष शीटची जाडी छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी वेगळी असू शकते. तेव्हा आकडा विसरा. जी फळी खाचेत बसणार तीच खाचेच्या जागी उभी धरा आणि तिच्या दोन्ही अंगांनी सुरी फिरवा. स्टुलाची खोबण करताना गेज पटाशीच्या रुंदीवरच लावा. रॅकच्या दोन्ही उभ्या फळ्या शेजारी ठेवून कप्प्यांच्या खुणा एकदमच करा. त्या खुणा कदाचित ठरवलेल्या मापापेक्षा केसभर इकडेतिकडे असतील, पण दोन्हीकडे सारख्या असतील, आणि कप्पा सरळ बसायला तेवढंच लागतं.

याच कारणाने प्रत्येक फळीची एक बाजू आणि एक कड आधी रंध्याने नीट करून त्यावर पेन्सिलीने खूण करा. गुण्याचा दांडा आणि गेज नेहमी त्या खुणेच्या अंगालाच टेकवायचं. एकदा या कडेने, एकदा त्या कडेने आखलं की दोन रेघा कोपऱ्यात भेटत नाहीत.

टेप लागेलच, फ्रीमन्सचा 3 मीटरचा पुरे. त्याच्या टोकाचा पत्र्याचा हूक किंचित हलतो, तो बिघाड नव्हे. आत टेकवून आणि बाहेर अडकवून मोजताना त्या पत्र्याच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. अचूक हवं तेव्हा 10 सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजा आणि 10 वजा करा. एका कामात एकच टेप, शेवटपर्यंत. आणि सूत किंवा मिलिमीटर यातलं एकच काहीतरी धरा.

समान भाग पाडायला कंपासपेटीतलं कर्कटक सुरुवातीला चालतं. अंदाजाने उघडायचं, पावलं टाकत शेवटपर्यंत जायचं, चुकलं तर थोडं कमीजास्त करायचं. भागाकाराची भानगडच नाही. शीटवर लांब रेघ मारायला रंगाची दोरी घेतलीत तर निळी पूड मागा, लाल रंग लाकडात मुरतो आणि जात नाही.

डिजिटल कॅलिपर, लेझर, डव्हटेलचे साचे हे आता नको. बेव्हल, म्हणजे हव्या त्या कोनात लावता येणारा गुण्या, स्टुलाचे पाय तिरके करायचे ठरवलेत तरच घ्या.

बाल्कनीत दमट हवा असणार, म्हणून काम झालं की गुण्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून तो कोरड्या फडक्यात गुंडाळून घरात ठेवा. प्लाय कापण्याआधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर एकच खाच आखून, कापून, त्यात फळी बसवून बघा. अडलात तर त्या खाचेचा फोटो इथे टाका, मी नक्की बघेन.