वाड्याच्या भिंतीतली ओल: हात लावण्याआधी

तू विचारलंस की सोलापूर शहरातल्या जुन्या दगडी वाड्याची भिंत कमरेएवढी ओली का होते. आधी दगड आणि दरज, म्हणजे दोन दगडांमधला सांधा, वेगवेगळे बघ. आपला घट्ट काळा बेसाल्ट पाणी फारच कमी पितो. पाणी चढतं ते मुख्यतः चुन्याच्या, मातीच्या दरजांमधून आणि आतल्या भरावातून. जाळीदार, भोकं दिसणारा दगड असला तरी घाबरू नकोस. मोठ्या भोकांत पाणी चढत नाही, बारीक छिद्रांतच चढतं. 1 मिमी व्यासाच्या नळीत ते जेमतेम 3 सेंमी चढेल, 0.01 मिमीच्या नळीत हिशोबाने 3 मीटर.

प्रत्यक्षात ते इतकं वर जात नाही, कारण वाटेतच भिंतीच्या अंगातून वाफ होऊन उडतं. जितकं वर चढतं तितकं उडून गेलं की ओल त्या उंचीवर थांबते. पाणी जातं, पण त्यातले क्षार तिथेच राहतात, त्यांचे स्फटिक छिद्रांत फुगतात आणि पापुद्रे सुटतात. हाच लोणा. सोलापूरच्या कोरड्या उन्हात हे वाळणं जोरात चालतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट मारू नकोस. वाफेची वाट बंद झाली की ओल आणखी वर सरकते. गिलावा चुन्याचाच कर. त्याआधी पन्हळीचं पाणी पायाशी पडतंय का ते बघ, अंगणातली फरशी भिंतीला टेकली असेल तर तेवढी पट्टी उकर, आणि लोणा कोरड्या ब्रशने झाड, धुऊ नकोस. धुतलास तर क्षार विरघळून पुन्हा आत जातील.