सलाईनच्या बाटलीला चांदीचा कागद कशासाठी?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचा रक्तदाब २२०/१३० झाल्याने त्यांना पुण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवले होते. शिरेतून दिलेल्या औषधाच्या बाटलीला चांदीचा कागद गुंडाळला होता, तरीही रक्तदाब लगेच १२०/८० वर आणला नाही. असे का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या वर्णनावरून ते औषध सोडियम नायट्रोप्रुसाइड असावे. उजेडात ते बिघडते, म्हणून बाटली झाकतात. द्रावणाची फिकट तपकिरी छटा जाऊन ते निळे पडले, तर टाकून देतात. रक्तवाहिन्या सैल करण्याचा त्याचा परिणाम मिनिटा-दोन मिनिटांत दिसतो आणि औषध थांबवताच काही मिनिटांत ओसरतो, त्यामुळे ते पंपाने मोजून द्यावे लागते व रक्तदाबावर अखंड नजर ठेवावी लागते. त्यातून शरीरात सायनाइड सुटत असल्याने मोठ्या मात्रेत ते फार काळ देत नाहीत. हल्ली बरेच डॉक्टर त्याऐवजी लॅबेटॅलॉल हे रक्तदाब उतरवणारे दुसरे औषध पसंत करतात, आणि ते योग्यच आहे.

दाब सावकाश उतरवण्याचे कारण मात्र वेगळे आहे. वर्षानुवर्षे चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूला अचानक रक्त कमी पडू शकते, म्हणून पहिल्या तासात सरासरी दाब (वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेला) साधारणपणे २५ टक्क्यांहून अधिक उतरवत नाहीत (महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा, आतला थर फाटला असेल, तर गोष्ट निराळी). याच कारणाने जिभेखाली निफेडिपिन (दाब एकदम उतरवणारे औषध) देण्याचा जुना उपाय घरी मुळीच करू नये.