कोंबडीला कापण्याआधी शॉक देतात, त्याने तिचा त्रास वाढतो की कमी होतो?

नीट दिला तर कमी होतो. मोठ्या प्लांटमध्ये कोंबड्या पायांनी उलट्या टांगून पुढे नेतात, वीज सोडलेल्या पाण्यात डोकं बुडतं. मेंदूतून करंट गेला की फिट आल्यासारखं होऊन शुद्ध हरपते. सुरी फिरते ती त्यानंतर. मेख आहे ती करंटच्या मापात. युरोपच्या नियमात, विजेची वारंवारता (करंट सेकंदाला किती वेळा उलटसुलट होतो ते) २०० हर्ट्झच्या आत असेल तर दर कोंबडीमागे सरासरी किमान १०० मिलिअँपिअर लागतो. कमी पडला तर पक्षी लुळा पडूनही शुद्धीत राहू शकतो. आणि डोक्याआधी पंख पाण्याला लागला, तर तो झटका तिला चांगलाच कळतो.

इकडे जळगाव-धुळ्यात मी पाहिलेल्या चिकनच्या दुकानांत यातलं काही नाही. पिंजऱ्यातून काढली, मान कापली, ड्रममध्ये टाकली. ड्रम धडधडत असतो आणि हातभर अंतरावर पिंजऱ्यातल्या बाकीच्या बघत असतात. २००१ च्या कत्तलखाना नियमांत मात्र एका जनावरादेखत दुसरं कापू नये असं स्पष्ट आहे. आमच्या दुकानदाराला मी एवढंच म्हटलं, भाऊ, पिंजऱ्यावर गोणपाट तरी टाक. टाकतो आता. रविवारची गर्दी सोडून.