मुलगी वॉशिंग्टन राज्यात दहावीत आहे. हायस्कूल संपेपर्यंत कॉलेजची डिग्री खरंच हातात येते का?

हो, येते. पण ती दोन वर्षांची असोसिएट डिग्री, आपण ज्याला ग्रॅज्युएशन म्हणतो ते नव्हे.

तुमच्या राज्यात यासाठी ‘रनिंग स्टार्ट’ ही योजना आहे. अकरावी-बारावीची मुलं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या डिग्रीचं सरकारी कॉलेज) जाऊन बसतात आणि तेच क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचं श्रेय, हायस्कूललाही धरलं जातं. ठरावीक मर्यादेपर्यंत कॉलेजची ट्यूशन फी माफ. पुस्तकं, किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचा खर्च साधारणपणे आपला. डिग्रीला 90 क्वार्टर क्रेडिट लागतात, म्हणजे दर क्वार्टरला (साधारण तीन महिन्यांचं सत्र) 15 धरले तर सहा क्वार्टर. एखादा विषय राहिला की गणित कोलमडतं, म्हणून हायस्कूलच्या काउन्सेलरला आत्ताच गाठा.

खरी मेख पुढे आहे. राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत हे क्रेडिट बऱ्यापैकी चालतं. नावाजलेल्या खासगी विद्यापीठांपैकी बरीच ते धरत नाहीत. आणि ग्रेड कायमचे कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, राहतात. पुढे मेडिकलला अर्ज केला तर सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत मिळालेला ‘सी’ही दाखवावा लागतो! आपल्याकडच्या पालकांना हे सहसा कुणी सांगत नाही.

माझं मत विचाराल तर मुलगी स्वतःहून अभ्यास करणारी असेल तरच पूर्ण डिग्रीच्या मागे लागा. नाहीतर पहिल्या क्वार्टरला एखाददोन विषय घेऊन बघा.

भारतात असं चालत नाही. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीची पात्रता परीक्षा अकरावीनंतर देता येते, पण प्रवेश बारावी झाल्यावरच.