स्क्रीनवरची लाल ओळ आधी वाचा

प्रवेशफेऱ्यांचे दिवस असल्यामुळे सॉफ्टवेअरच्या शिक्षणाबद्दल आणि नोकरीबद्दल आलेल्या या वेळच्या पत्रांत पालकांची पत्रं बरीच आहेत. मला सगळ्यात जास्त वेळ मात्र बार्शीच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राने घ्यायला लावला, म्हणून त्याला जागाही जास्त दिली आहे.

प्रश्न : मुलाला सीईटीत 86 पर्सेंटाइल आहेत. जवळच्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजात मेकॅनिकल मिळतंय, पुण्याजवळच्या नव्या कॉलेजात कॉम्प्युटर. तिथली फी जवळजवळ दुप्पट आहे. त्याला सॉफ्टवेअरमध्येच जायचंय. काय करावं? (एक आई, सांगली)

ताई, फॉर्म भरण्याआधी मुलाला घेऊन ते नवं कॉलेज एकदा बघून या. रविवारी नको, कामाच्या दिवशी दुपारी जा. लॅब उघडी आहे का पाहा आणि तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना एकच विचारा : प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम स्वतः लिहिता, की मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवता? उतरवत असतील, तर केवळ शाखेच्या नावासाठी दुप्पट फी भरू नका.

मेकॅनिकल घेतल्याने सॉफ्टवेअरचं दार बंद होत नाही. दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअरची कामं करणाऱ्या मोठ्या सेवा-कंपन्या कॅम्पसला इतर शाखांची मुलं घेत आल्या आहेत. अभियांत्रिकीच्या कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सहा महिन्यांचा पीजी-डॅक हा पदविका अभ्यासक्रम करता येतो. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण ही वाट सोपी समजू नका. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर सांभाळून रोज तासभर प्रोग्रॅमिंग, तेही चार वर्षं, करावं लागेल. केटी लागता, म्हणजे विषय मागे राहता कामा नये आणि टक्के साठच्या खाली जाता कामा नयेत, कारण अनेक कंपन्यांची पहिली चाळणी तिथेच लागते. हे त्याला झेपेल का, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

प्रश्न : बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कोडिंग जमतं, पण इंटरव्ह्यूत इंग्रजी बोलताना गाडी अडते. सोबत शब्द उलटा करणारा माझा पायथन या भाषेतला प्रोग्रॅम पाठवतोय. आधी इंग्रजीचा क्लास लावू का? (विद्यार्थी, बार्शी)

तुझा प्रोग्रॅम मी चालवला. 'मदन' दिलं, 'नदम' आलं. बरोबर. मग 'क्षितिज' दिलं. यायला हवं होतं 'जतिक्षि', आलं 'जितिष्क'. तूही करून बघ.

असं का झालं? आपल्याला 'क्षितिज'मध्ये तीन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात साठवण्याच्या पद्धतीत, मात्र तो शब्द सात चिन्हांनी साठवलेला असतो : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. ही ऱ्हस्व वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण साठवताना ती व्यंजनाच्या नंतर येते. तुझा प्रोग्रॅम ही सात चिन्हं उलटी लावतो, त्यामुळे 'ज'ला भलतीच वेलांटी चिकटते आणि 'क्ष' फुटून 'ष्क' होतो. बाइट हे साठवणीचं माप. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-8 या प्रकारात यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून हाच शब्द 21 बाइट घेतो. काही ठिकाणी नावाच्या रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजतात; तिथे एखाद्या आजीचं पूर्ण नाव अर्ध्यावर कापलं जातं. मराठीत वाढलेल्या मुलाला ही चूक चटकन दिसेल, इतरांना सहसा सुचणारही नाही.

हा प्रोग्रॅम दुरुस्त कर आणि इंटरव्ह्यूत हेच सांग. 'आय एक्स्पेक्टेड थ्री, आय गॉट सेव्हन' इतक्या छोट्या वाक्यांत सांग. मी बरीच वर्षं मुलाखती घेतल्या आहेत. व्याकरण चुकलं म्हणून मी कुणाला परत पाठवलं नाही, पण स्वतःच्या प्रोजेक्टमधली एक ओळ समजावता न आलेले कितीतरी उमेदवार परत पाठवावे लागले, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं.

क्लासऐवजी एक सवय लाव. प्रोग्रॅम अडला की स्क्रीनवर येणारा तो लाल मजकूर बघून खिडकी बंद करू नकोस. पायथनमध्ये आधी शेवटची ओळ वाच : काय चुकलं ते तिथे लिहिलेलं असतं, कुठे चुकलं ते तिच्या वरच्या ओळींत. ती ओळ मोठ्याने वाच आणि अर्थ वहीत मराठीत लिही. तुझ्या कामाला लागणारं इंग्रजी त्यातूनच येईल. संकल्पना मराठीतून पक्क्या करायच्या असतील, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी निवेदनाचे धडे मोफत आहेत.

प्रश्न : आता एआयच कोड लिहितो. मग मी शिकून उपयोग काय? (अकरावीची विद्यार्थिनी, नाशिक)

उपयोग आहे, कारण लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे कुणीतरी सांगावंच लागतं. पायथनमध्ये 0.1 + 0.2 करून बघ. उत्तर 0.30000000000000004 येईल. 1/3 जसं दशांशात संपत नाही, तसं 1/10 संगणकाच्या द्विमानात, म्हणजे फक्त 0 आणि 1 च्या पद्धतीत, संपत नाही, म्हणून ही बारीक चूक राहते. म्हणून हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये रुपये अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवतात. एआयने बिलाचा कोड लिहून दिला आणि हे तुला ठाऊकच नसलं, तर तू पकडणार काय? ते साधन जरूर वापर. पण पहिलं वर्षभर आधी स्वतः लिही, मग त्याला विचार.

प्रश्न : एक क्लास दीड लाखात कोर्स आणि दोन वर्षांचं अनुभव प्रमाणपत्र देतोय, नोकरीची हमीही. भरू का? (वडील, परभणी)

नाही, काका. अनुभवच खोटा असेल तर तो फार दिवस झाकून राहत नाही. पीएफच्या यूएएन या खाते-क्रमांकावर आधी कुठे, किती काळ नोकरी केली याची नोंद असते आणि कंपन्या रुजू झाल्यानंतरही पडताळणी करतात. पकडलं गेलं की नोकरी जाते आणि तो डाग मुलाच्या नावावर राहतो. क्लासवाल्याचं काही बिघडत नाही. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका.

प्रश्न : चार वर्षं मॅन्युअल टेस्टिंग केलं. मुलीच्या जन्मानंतर सात वर्षं घरी. आता 36 वय आहे. परत कुणी घेईल का? (गृहिणी, ठाणे)

घेतील. पण सुरुवातीला आधीच्या पगाराचा आग्रह धरू नका. फक्त मॅन्युअलवर अडून राहू नका. जावा किंवा पायथन यांपैकी एक भाषा आणि सेलेनियमसारखं ऑटोमेशनचं, म्हणजे चाचण्या आपोआप चालवणारं साधन, इतकं सहा महिन्यांत रोज दोन तास दिले तर जमायला लागतं. बायोडेटात ती सात वर्षं लपवू नका, एका ओळीत सरळ लिहा. करिअर ब्रेकनंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी काही कंपन्या वेगळी भरती करतात, तिथे आधी अर्ज करा.

सरावासाठी रोज वापरता ते एखादं ॲप घ्या, गॅस बुकिंगचं किंवा रेल्वे तिकिटाचं. त्यात काय काय मोडू शकतं याची चाळीस उदाहरणं लिहून काढा : नेट मधेच गेलं तर, ओटीपी उशिरा आला तर, नाव मराठीत टाकलं तर. ती यादी मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचेन.