सेगोव्हियात सकाळी कुठे धावावं?

प्रश्न: स्पेनमधल्या सेगोव्हियात तीन दिवस मुक्काम आहे. सकाळी धावायला किल्ल्याजवळची कुठली वाट बरी?

उत्तर: जुन्या गावातले फरसबंदी रस्ते टाळा, ओले असले की पाय सटकतो. मी रोमन जलसेतूकडून उतरून एरेस्मा नदीचा काठ धरायचे. गर्द सावली, पाण्याचा आवाज, वाटेत स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची १५८३ची टांकसाळ. सान मार्कोसच्या कुरणावर मात्र थांबाच. दोन नद्यांच्या बेचक्यातला अल्काझार, म्हणजे तुम्ही म्हणता तो किल्ला, तिथून जहाजाच्या नाळेसारखा थेट अंगावर येतो. धावण्याची वेळ मोजणारं घड्याळ मी तिथे रोज थांबवायचे! पुढे बारा बाजूंच्या व्हेरा क्रूझ चर्चवरून सामारामाला या खेड्याकडचा चढ. सेगोव्हिया हजार मीटर उंचीवर आहे, पहिल्या दिवशी दम लागेल. सावकाश चढा.